मोटार कधी मिळेल? खरी तारीख मागा, खरी तारीख द्या

(कोल्हापूर येथे शेतकरी व पंप दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यापुढे केलेले भाषण)



कृषि विद्यापीठाच्या माणसाने तुमच्यापुढे उभे राहून बोलायचे म्हटले की उसाची जात, खताची मात्रा, हुमणी, लोकरी मावा असे काहीतरी तुमच्या कानावर पडणार, अशी तुमची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. पण आज मी एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘उद्या’. या एका शब्दापायी आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात किती ऊस वाळतो याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु दुरुस्तीच्या दुकानाबाहेर तासभर उभे राहिले तरी अंदाज येतो.

‘काय मिस्त्री, झाली काय मोटार?’

‘उद्या सकाळी या की अण्णा. झालीच समजा.’

अण्णा दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर गाडी मारून येतात. मोटार ज्या कोपऱ्यात ठेवली होती त्याच कोपऱ्यात असते. झाकणसुद्धा उघडलेले नसते. ‘बेअरिंग आलं न्हाई अण्णा. परवा नक्की.’ परवा वाइंडर सुट्टीवर असतो. तेरवा वार्निश संपलेले असते. असे करता करता आठवडा जातो आणि शेवटी मोटार मिळते तेव्हा दोघांच्याही तोंडावर हसू नसते.

आपल्याकडे पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्यांच्या काठाने ऊस आहे तो मुख्यतः उपशावर. कोठे स्वतःची मोटार, कोठे चार भावांत मिळून एक, तर कोठे सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे मोठे पंप. धरणात पाणी असते, नदीत पाणी असते, बंधाऱ्याला फळ्या घातलेल्या असतात. पण ते पाणी सरीपर्यंत आणणारी मोटार जळाली की नदी शेजारून वाहत असूनही शेत कोरडे राहते. म्हणून मोटारीच्या दुरुस्तीची तारीख हा आपल्या पाणी व्यवस्थापनाचाच भाग आहे, असे मी मानतो.

एक हिशोब करून पाहू. उसाला उन्हाळ्यात ८ ते १० दिवसांच्या अंतराने पाणी द्यावे, अशी आपली शिफारस आहे. समजा, एप्रिल महिना आहे. सुरू ऊस तीन महिन्यांचा, फुटवे फुटून वाढीला लागलेला आहे. आठव्या दिवशी पाणी द्यायला गेलात आणि मोटार जळाली. दुरुस्तीला प्रत्यक्षात सात दिवस लागणार आहेत. म्हणजे दोन पाण्यांत पंधरा दिवसांचे अंतर पडणार. आता मिस्त्रीने पहिल्याच दिवशी ‘अण्णा, सात दिवस लागतील, त्याआधी होणार नाही’ असे सांगितले, तर तुम्ही काय कराल? शेजाऱ्याकडे जाल आणि त्याच्या फेरातून एक पाळी मागाल. शेतीची वीज ठराविक तासच असते आणि त्यात त्याचेच रान भिजायचे असते. त्यामुळे सगळे क्षेत्र भिजवता येणार नाही, पण एक आड एक सरी तरी भिजेल. कोणी भाड्याने इंजिन देत असेल तर ते आणाल. युरियाचा हप्ता चार दिवस पुढे ढकलाल, कारण कोरड्या रानात टाकलेला युरिया पिकाच्या उपयोगी पडत नाही. शेजारच्या खोडव्यातले जादा पाचट मिळाले तर तेही सरीत अंथराल. ताण जास्तच वाटला तर १०० लिटर पाण्यात २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि २ किलो युरिया विरघळवून फवाराल. पाण्याच्या ताणाच्या काळासाठी ही फवारणी आपण पूर्वीपासून सांगत आलो आहोत.

आता दुसरी बाजू पाहा. तोच ऊस, तीच मोटार आणि दुरुस्तीला लागणारे दिवसही तेच सात. परंतु मिस्त्रीने सातही दिवस ‘उद्या’ म्हटले. उद्या मोटार येणारच आहे, मग शेजाऱ्याचे उपकार कशाला? भाड्याचे इंजिन कशाला? पाचट कशाला? यातले एकही काम होत नाही आणि पंधराव्या दिवशी रान भेगाळलेले असते. दिवस दोन्हीकडे सारखेच गेले. नुकसान झाले ते खरी तारीख माहीत नसल्यामुळे.

हीच गोष्ट गुऱ्हाळाला आणखी कडक लागू पडते. उसाला काही दिवस ताण सोसतो, पण तोडलेल्या उसाला वेळ सोसत नाही. गुळासाठी तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे. तो पडून राहिला की वजन घटते, साखरेचे विघटन होऊ लागते आणि गुळाचा कण बिघडतो. चरकाचा दात मोडला आणि दुरुस्ती करणाऱ्याने ‘संध्याकाळपर्यंत चालू करून देतो’ म्हटले की गुऱ्हाळमालक तोडणी थांबवत नाही. टोळीला कामावर ठेवावेच लागते. संध्याकाळी चरक बंद, ऊस अंगणात आणि गुळव्या नुसता बसलेला. त्याच माणसाने ‘तीन दिवस’ म्हटले असते तर ऊस उभाच राहिला असता. उभ्या उसाला तीन दिवसांनी काहीही होत नाही.

मग मिस्त्री खरे का सांगत नाही? तो लबाड आहे असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. आपल्या उद्यमनगरातला कारागीर हा नुसता पाने फिरवणारा नाही. यंत्रमहर्षी म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी या गावात इंजिने आणि त्यांचे भाग घडवण्याची परंपरा उभी केली. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फौंड्र्या उभ्या राहिल्या. त्या परंपरेतल्या माणसाला आपल्या कामाला किती दिवस लागतात हे चांगले माहीत असते. तरीही तो ‘उद्या’ म्हणतो, याला कारणे आहेत आणि त्यातली निम्मी कारणे आपण गिऱ्हाइकांनी तयार केलेली आहेत.

पहिले कारण असे की ‘आठ दिवस’ म्हटल्याबरोबर आपण मोटार उचलून पलीकडच्या दुकानात नेतो. पलीकडचा ‘परवा देतो’ म्हणतो आणि प्रत्यक्षात दहा दिवस लावतो. ज्याने खरे सांगितले त्याचे गिऱ्हाईक गेले. हे दोन-चारदा घडले की तोही शहाणा होतो. खोटे आश्वासन देणाऱ्याकडे काम नेऊन आपण सगळ्या बाजाराला तशी सवय लावतो.

दुसरे कारण बोलायला अवघड आहे, पण बोलले पाहिजे. मोटार भरायची म्हणजे तांबे लागते. तांब्याची तार दुकानदाराला रोखीने आणावी लागते आणि तिचा दर स्वस्त नाही. आपली रीत अशी, की मोटार आज टाकायची आणि पैसे उसाचे बिल आल्यावर द्यायचे. मागची बाकीही तशीच असते. अशा दहा मोटारी दुकानात आल्या तर मिस्त्रीने तांबे आणायचे कशाने? तो ज्याने उचल दिली त्याची मोटार आधी भरतो आणि बाकीच्यांना ‘उद्या’ म्हणतो. पैशासाठी काम थांबले आहे हे तोंडावर सांगायचा त्याला संकोच वाटतो, म्हणून बेअरिंगचे नाव पुढे येते. कारागीर मित्रांनो, हा संकोच सोडा. ‘अण्णा, तांब्यापुरते पैसे दिल्याशिवाय काम सुरू होणार नाही’ हे वाक्य ऐकायला कडू आहे, पण त्यावर शेतकऱ्याला काहीतरी करता येते. सोसायटीतून उचलता येतात, पाहुण्याकडून घेता येतात. बेअरिंग आले नाही या वाक्यावर त्याला काहीच करता येत नाही.

तिसरे कारण म्हणजे आपणही मिस्त्रीला खरे सांगत नाही. प्रत्येक जण दुकानात येतो तो ‘ऊस वाळाय लागलाय, आजच पायजे’ असे म्हणत. कालच पाऊस झाला असला तरी हेच. सगळ्यांनाच आज पाहिजे असे म्हटल्यावर खरोखर कोणाची नड आहे हे त्याने कसे ओळखायचे? मग जो जास्त आरडाओरडा करतो, किंवा ज्याच्यासाठी कोणा पुढाऱ्याचा फोन येतो, त्याचे काम आधी होते. रोपवाटिकेतली भाजीची रोपे सुकत आहेत असा शेतकरी गप्प उभा राहतो आणि ज्याच्या उसाला आणखी आठ दिवस चालले असते तो मोटार घेऊन जातो. ‘माझी पाळी पुढच्या शनिवारी आहे, शुक्रवारी संध्याकाळी मिळाली तरी चालेल’ असे सांगून पाहा. माझा अनुभव आहे, अशा माणसाला शुक्रवारी मोटार मिळण्याची शक्यता वाढते.

मोटार का जळाली हेही खरे सांगावे. एक फेज गेला होता, पंप कोरडा चालला होता, दाब कमी असताना स्टार्टर धरून चालवली, फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती, यातले काय घडले ते मिस्त्रीला कळले तर तो तुमचा स्टार्टरही तपासायला सांगेल. न सांगितल्यास तीच मोटार पंधरा दिवसांत पुन्हा त्याच कोपऱ्यात येते.

आता कामाला खरोखर किती वेळ लागतो ते थोडक्यात समजून घेऊ. हे माहीत असले की कोणती तारीख शक्य आहे आणि कोणती नाही, याचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल. विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या साध्या मोनोब्लॉक पंपाची मोटार जळाली तर प्रथम जळालेली तार काढावी लागते. ती काढताना वेढे किती, तारेचा गेज कोणता हे मोजून लिहून ठेवावे लागते. खाचा स्वच्छ करून त्यात नवा इन्सुलेशन पेपर बसवायचा, नवी कॉइल भरायची, जोडण्या करायच्या. हे काम कुशल वाइंडर एका-दोन दिवसांत करतो. पुढचे काम घाई करण्यासारखे नाही. भरलेला स्टेटर गरम करून त्यातला ओलावा काढायचा, वार्निशमध्ये बुडवायचा, निथळू द्यायचा आणि भट्टीत १०० अंश सेल्सिअसच्या पुढे कित्येक तास भाजायचा. वार्निश आतपर्यंत पक्के झाले पाहिजे. भट्टी एकच असते आणि तिच्यात एका वेळी ठराविकच स्टेटर मावतात.

गिऱ्हाईक दारात ओरडत असले की वेळ वाचवला जातो तो येथेच. वार्निश वरून ब्रशने फासायचे, उन्हात किंवा दिव्याखाली दोन तास ठेवायचे आणि मोटार द्यायची. ती चालते. आणखी महिन्याभराने, ऐन मे महिन्यात, पुन्हा जळते. म्हणून मोटार घेताना घाई न करता ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासणी करून दाखवा असे म्हणावे. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधील रोध निदान १ मेगओहमच्या वर हवाच. नव्याने भरलेल्या, नीट वाळलेल्या मोटारीचा तो याच्या कितीतरी पटींनी जास्त भरतो. पाणी भरलेल्या पाणबुडी मोटारीचा प्रकार वेगळा आहे. तिची तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते, तिला वार्निश आणि भट्टी लागत नाही. पण ती भरल्यावर काही तास पाण्यात बुडवून ठेवून मगच तपासावी लागते. शिवाय बोअरमधून वर काढायला आणि पुन्हा सोडायला माणसे आणि घोडा लागतो, तो दिवस वेगळा धरावा.

सुट्या भागांची गोष्ट निराळी. ‘पार्ट आला नाही’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. या एका वाक्यात चार वेगवेगळ्या परिस्थिती लपलेल्या असतात. पार्ट मागवला आहे आणि वाटेत आहे. पार्ट मागवला आहे, पण कंपनीकडेच शिल्लक नाही. पार्ट अजून मागवलेलाच नाही, कारण दुकानदार चार-पाच गिऱ्हाइकांची मागणी एकत्र होण्याची वाट पाहतो आहे. आणि चौथी, पार्ट बनणेच बंद झाले आहे. या चारही वेळी शेतकऱ्याने करायचे काम वेगळे आहे. पहिल्यात दोन दिवस थांबावे. दुसऱ्यात सांगली, कराड, पुण्याला फोन करून पाहावा. तिसऱ्यात उचल देऊन आजच मागणी नोंदवायला लावावी. म्हणून नुसते ‘कधी येणार’ विचारू नका. ‘मागवलाय का, कोणत्या तारखेला मागवला, पावती दाखवा’ असे शांतपणे विचारा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. औषध दुकानदाराला आपण बाटलीवरची तारीख विचारतोच की.

चौथी परिस्थिती दुकानदार सहसा शेवटपर्यंत सांगत नाही आणि सर्वांत जास्त दिवस तिच्यातच जातात. येथे मात्र कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे नशीब चांगले आहे. बिडाचा इंपेलर, जुन्या इंजिनाचा एखादा भाग, चरकाचे चाक आपल्या गावात ओतून मिळू शकते. फक्त त्याला लागणारा वेळ समजून घ्या. मोडलेल्या भागावरून लाकडी पॅटर्न करावा लागतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, तेवढा पॅटर्न मोठा ठेवावा लागतो. मग साचा, मग ओतकाम. फौंड्री तुमच्या एका इंपेलरसाठी भट्टी पेटवत नाही, पुढच्या हीटमध्ये तुमचा साचा बसवते. त्यानंतर थंड होणे, साफसफाई, लेथवरचे काम आणि इंपेलर असेल तर समतोल पाहणे. याला आठ-दहा दिवस लागले तर ते रास्त आहेत. ‘दोन दिवसांत ओतून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र पॅटर्न तयार आहे का, हे आधी विचारावे. आणि मोडलेला भाग भंगारात टाकू नका. सगळे तुकडे गोळा करून एका पोत्यात बांधून न्या. मापे त्यांच्यावरूनच निघतात.

महापुराचा विषय येथे टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पातळी गाठली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोळ, करवीर, हातकणंगले भागांत नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर, पेट्या गाळाखाली गेल्या. एरवी दुरुस्तीचे काम वर्षभर विखुरलेले येते, ते अशा वेळी एकाच पंधरवड्यात दुकानांच्या दारात येऊन पडते. अशा वेळी कोणी ‘उद्या’ म्हटले तर ते खोटेच आहे हे धरून चालावे. सगळ्यांना उद्या देणे कोणालाच शक्य नसते.

पण जरा विचार करा. पुरानंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याला मोटार लागते कशाला? रान तर पाण्याने तुडुंब असते. पूरबुडीच्या उसाला त्या वेळी चर काढून पाण्याचा निचरा करणे महत्त्वाचे असते, पाणी देणे नव्हे. पाऊस थांबून पाण्याची पहिली पाळी येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे हातात महिना-दीड महिना असतो. तेव्हा नंबर मागे लागला तरी बिघडत नाही. गावाच्या पिण्याच्या पाण्याचे पंप आणि दुभत्या जनावरांच्या गोठ्यावरच्या मोटारी खुशाल पुढे जाऊ द्याव्यात. मात्र एक काम त्याच आठवड्यात उरकले पाहिजे. बुडालेली मोटार तशीच चालू करून पाहू नये. ती उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन काढावा, बेअरिंगे काढून ठेवावीत, पत्रे आणि शाफ्ट कोरडे करून वंगण लावावे. गाळ आत वाळला आणि गंज धरला की पुढे वाइंडिंगचे काम असते ते शाफ्ट, बेअरिंग आणि बॉडीपर्यंत वाढते. कारागिरांनी अशा वेळी उघडणे-धुणे आधी सर्वांचे करावे आणि भरण्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. फळ्यावर नंबर लिहिला की भांडण कमी होते.

कारण कळले की माणूस थांबतो, हे आपण सर्वांनी २०२० साली पाहिले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. एप्रिलच्या सुरुवातीस केंद्र शासनाने शेती यंत्रांची दुकाने, सुटे भाग आणि दुरुस्ती यांना सूट दिली. दुकाने उघडली, पण बाहेरगावाहून माल कसा येणार? ट्रॅक्टरचा साधा फिल्टरसुद्धा मिळेना. तरी त्या दिवसांत दुकानात भांडणे कमी झाली, कारण माल का येत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि दुकानदाराला बहाणा शोधायची गरज नव्हती. पुढे २०२१ मध्ये जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा झाला आणि गाड्यांच्या कारखान्यांचेही हात बांधले गेले. तेव्हा मात्र ‘पार्ट आला नाही’ एवढेच उत्तर मिळत राहिले आणि चिडचिड वाढली.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेतील मोठ्या शेतकऱ्यांनाही आपला ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर दुरुस्त करायला कंपनीच्या अधिकृत माणसाची वाट पाहावी लागे, कारण यंत्रातला संगणक उघडण्याची साधने कंपनी देत नसे. पीक उभे आणि यंत्र बंद, अशी अवस्था. त्यांनी त्यासाठी बरीच वर्षे झगडा केला. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डियर कंपनीने तेथील शेतकरी संघटनेशी करार केला आणि त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रे स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने ज्या चार क्षेत्रांचा विचार करायचा ठरवले त्यात शेती उपकरणे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. नव्या यंत्राची खरेदी करताना रंग आणि अश्वशक्तीबरोबर ‘याचे सुटे भाग कोल्हापुरात कोण ठेवतो आणि किती वर्षे मिळतील’ हा प्रश्न विचारावा, असे मी सुचवतो. विकणारा अडखळला तर दुसरी कंपनी पाहावी.

कायद्याविषयी दोन शब्द. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश केला आहे. म्हणजे पार्ट येणार नाही हे माहीत असताना ‘उद्या येतो’ असे सांगत राहणे ही कायद्याच्या भाषेतही त्रुटी ठरू शकते. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. तरीही गावातल्या मिस्त्रीवर तक्रार करायची वेळ येऊ नये असेच मला वाटते. पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला त्याच्याच दारात जायचे असते.

ती वेळ येऊ नये यासाठी एक कागदाची चिठ्ठी पुरते. मोटार टाकताना तिच्यावर टाकल्याची तारीख, कंपनी, अश्वशक्ती, नंबर, काय बिघाड सांगितला, किती उचल दिली आणि कोणत्या तारखेला मिळणार हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कारागिरांनी तारीख लिहिताना मनातल्या अंदाजात दोन दिवस मिळवून लिहावी. आधी दिली तर कोणी रागवत नाही. काम लांबणार असे दिसले तर तारीख उलटण्याची वाट न पाहता आदल्या दिवशी फोन करावा. शेतकरी वीस किलोमीटर येऊन परत गेला तर त्याचा अर्धा दिवस आणि पेट्रोल गेले, एका फोनने ते वाचते. फोनवर कारण सांगावे, नवी तारीख सांगावी आणि ‘थांबायचे नसेल तर मोटार आणि उचल परत घेऊन जा’ हेही सांगावे. शेवटचे वाक्य म्हणायला धैर्य लागते. पण ते ऐकून मोटार परत नेणारे थोडेच असतात, कारण तोवर त्यांची खात्री पटलेली असते.

शेतकऱ्यांनी आपल्या बाजूने एवढे करावे की ठरलेल्या तारखेच्या आत रोज फोन करू नये. दर फोनला मिस्त्री हातातली कॉइल खाली ठेवतो. एकदा मधल्या दिवशी विचारावे, मग तारखेलाच जावे आणि त्या दिवशी पैसे घेऊन जावे. तयार झालेली मोटार पैशाअभावी दुकानात आठ दिवस पडून राहते, हेही चित्र मी पाहिले आहे.

आता पावसाळा येतो आहे. जून ते सप्टेंबर हे मोटार-पंपाची कामे करून घेण्याचे दिवस, कारण वाइंडरचे हात त्या मानाने मोकळे असतात. पूररेषेत मोटार असेल तर ती वर काढून आणायचीच असते, त्याच फेरीत दुकानात न्यावी. बेअरिंगचा आवाज, ग्लँडची गळती, जळका वास यातले काही असेल तर आताच दाखवावे. घरात एक जोडी बेअरिंग, सील, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि ग्लँडची दोरी ठेवावी, खर्च फार नाही. पाणीपुरवठा संस्थांनी एक जादा मोटार तयार ठेवण्याचा ठराव वार्षिक सभेत घ्यावा. आणि आज घरी गेल्यावर मोटारीच्या पत्र्यावरचा मजकूर मोबाइलवर टिपून घ्या. पत्रा पुसला गेला असेल तर खरेदीची पावती शोधून तिच्यावरून कंपनी, मॉडेल आणि नंबर पेटीच्या दारावर आतल्या बाजूने रंगाने लिहून ठेवा. भाग मागवताना दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.